तीस मीटरवरची फुली

ओळंब्याचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. झोप लागत नाही म्हणून नव्हे. ऊन वर आलं की पोलादी टेप तापते आणि तापली की लांबते. तीस मीटरच्या टेपला एका अंशामागे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. एवढा फरक माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. ओळंब्याला दिसायचा.

मोजणी कचेरीच्या मागच्या आवारात काँक्रीटचे दोन खांब होते, कमरेएवढे उंच. प्रत्येकाच्या माथ्यावर पितळी प्लेट आणि प्लेटवर केसाएवढ्या रेघांची फुली. या फुलीपासून त्या फुलीपर्यंत बरोबर तीस मीटर. तसं मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र होतं, ते भांडारात काचेच्या चौकटीत लावलेलं असायचं. कचेरीतून बाहेर जाणारी प्रत्येक टेप आधी या दोन खांबांवर ताणली जायची. एका टोकाला चाप, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा, काट्यावर पाच किलोचा ताण, शेजारी थर्मामीटर. मग भिंग लावून वाचायचं. एकदा वाचून भागत नाही, तीनदा वाचायचं. सहा टेपा, तीन वेळा, दोन्ही टोकं. म्हणजे छत्तीस वेळा कंबर वाकवायची आणि किलोमीटरभर चालायचं, तेही चहाच्या आधी. हे काम त्याने चौतीस वर्षं केलं.

एकोणिसाव्या वर्षी तो मोजणीची साखळी ओढायला लागला होता. मग अवजारांची पेटी उचलायला, मग पेटी सांभाळायला, आणि शेवटी अख्खं भांडार त्याच्या ताब्यात आलं. उंच, वाळका, उभा राहिला की दोरीला वजन बांधून सोडल्यासारखा सरळ. म्हणून ओळंबा. शिक्षण जेमतेम, पण शिकलेले मोजणीदार त्याला टरकून असत. टेप वाकवून आणणाऱ्याची तो सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायचा आणि मग त्याच्याच हातात टेपचं एक टोक देऊन दुसऱ्या टोकापासून पत्र्याच्या कात्रीने तिचे तुकडे करायचा.

"धर नीट. टेप धरता येत नाही ते कळलं. आता भंगार तरी धरता येतंय का बघू."

बाद टेप पुन्हा कोणी वापरू नये म्हणून ती कापायची, हा नियमच होता. पण माणसाला उभं करून कापायची हे नियमात नव्हतं. ते ओळंब्याचं स्वतःचं होतं.

बायको लवकर गेली. एक मुलगी होती, तिला त्याने एकट्याने वाढवलं. कचेरीत एक नवा मोजणीदार लागला, शांत, आकड्याला पक्का. ओळंब्याने त्याला दोन वर्षं पारखला. टेपा पारखायचा तसाच, तीनदा वाचून. मग स्वतःच मुलीचा विषय काढला. लग्न ठरलं.

लग्न आठ दिवसांवर आलं असताना खडी घेऊन आलेला ट्रक मागे घेताना दुसऱ्या खांबावर लागला. खांब कलला, वरची प्लेट उखडली. मोठे साहेब चार दिवसांच्या दौऱ्यावर होते. नियम असा की खांबाला धक्का लागला की प्रमाणपत्र रद्द. साहेबांना कळवायचं, प्रयोगशाळेची माणसं बोलवायची, तोवर सगळी मोजणी बंद. आणि खांब ज्याच्या ताब्यात त्याच्यावर ठपका. ओळंब्याच्या नावावर चोवीस वर्षांत एकही ठपका नव्हता. त्याने ट्रकवाल्याला हाकलला आणि बाह्या वर केल्या.

त्याने खड्डा खणला, खांब सरळ केला, बुडाला काँक्रीट भरलं. वर सिमेंटचा मसाला घालून नवी प्लेट बसवली. हे सगळं एकट्याने, तीन दिवसांत, रोजचं काम सांभाळून. चौथ्या दिवशी संध्याकाळी साहेब येणार होते. पहाटे बघितलं तर प्लेटीखालचा मसाला अजून ओला, बोट लावलं की प्लेट सरकत होती. थांबावं लागलं. फुली मारायला दुपार झाली.

भांडारात एक मूळ टेप होती, प्रयोगशाळेचा शिक्का असलेली, ग्रीस लावून डब्यात बंद. झिजू नये म्हणून ती वर्षानुवर्षं उघडत नसत. ओळंब्याने ती काढली. दुसरं टोक धरायला त्याने होणाऱ्या जावयाला बोलावलं, कारण हा तोंड बंद ठेवेल याची खात्री होती.

सावलीत थर्मामीटर तीस दाखवत होता. टेपवरचं माप वीस अंशांना बरोबर असतं. दहा अंश जास्त, म्हणजे साडेतीन मिलिमीटरची दुरुस्ती. ओळंब्याने वहीत लिहिलं, अधिक साडेतीन, आणि तीस मीटरच्या पुढे साडेतीन मिलिमीटरवर सुई टेकवली.

"काका," काटा धरलेला जावई म्हणाला, "आपण आखतोय ना? मग साडेतीन वजा ना?"

"कुठल्या शाळेत गेला होतास? उन्हात मिळवायचं."

"मोजताना मिळवायचं. पण आखताना..."

"लग्न जवळ आलंय म्हणून डोकं ठिकाणावर नाही तुझं. काटा बघ. पाचच्या पुढे गेला तर मुलगी देणार नाही."

स्वतःच्या विनोदावर ओळंबा हसला. जावईही हसला, कारण हसावंच लागतं. सुई दाबली, पट्टी धरून दोन रेघा ओढल्या. फुली झाली.

जावयाचंच बरोबर होतं. तापलेली टेप लांब झालेली असते. तिने आहे ते अंतर मोजलं तर कमी भरतं, म्हणून मिळवायचं. पण त्याच टेपने नवं अंतर आखून द्यायचं असेल तर उलट, वजा करायचं. ओळंब्याने चोवीस वर्षं नुसतं मोजलं होतं. आखायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि हात सवयीने चालला. वजा न केलेले साडेतीन आणि वरून मिळवलेले साडेतीन. फुली सात मिलिमीटर लांब बसली.

ही चूक दुसऱ्या दिवशीच पकडली गेली असती, जर जुन्या टेपा असत्या. पण जुन्या सहाही झिजल्या होत्या आणि त्याच आठवड्यात त्याने त्या कापून टाकल्या होत्या. नव्या सहा आल्या. त्याने पहाटे पहिली ताणली. तीस मीटर सात मिलिमीटर. दुसरी ताणली. सात. सहाच्या सहा सातच दाखवत होत्या. आकडा जास्त भरतो, म्हणजे टेप आखूड.

टेपा पुरवणारा दुकानदार आला. "सहाच्या सहा कशा आखूड असतील हो? कारखान्यात काय मोजपट्टीच नाही?"

"ते कारखान्याला विचारा. माझा खांब खोटं बोलत नाही."

"मग परत नेतो."

"परत कशाला? भाव कमी करा. सारखी चुकणारी टेप ही चांगली टेप. तिची चूक लिहून ठेवता येते."

हे वाक्य खरं आहे. या धंद्यातलं सगळ्यात खरं वाक्य म्हटलं तरी चालेल. ओळंब्याने प्रत्येक टेपच्या डब्यात एक कार्ड घातलं : दर तीस मीटरला सात मिलिमीटर वजा करावेत. खाली सही. कार्डाशिवाय टेप हलणार नाही, असं सगळ्यांना बजावलं. साहेबांनी पाठ थोपटली. दर पाच वर्षांनी खांब तपासून घ्यायचा नियम होता, पण साहेब म्हणाले, "ओळंबा आहे तोवर प्रयोगशाळेला कशाला पैसे द्यायचे?"

लग्न झालं. जावई कचेरीत त्याला काका म्हणायचा, घरी बाबा. ओळंबा त्याला आता तुम्ही म्हणू लागला.

दोन वर्षांनी एका कारखान्याच्या शेडचं काम आलं. एकशेवीस मीटर लांब शेड, समोरासमोर खांबांच्या दोन रांगा. पायात बोल्ट गाडायचे आणि त्यांवर लोखंडी खांब बसवायचे. एक रांग एका गटाला दिली, समोरची जावयाच्या गटाला. दोघांनी एकाच भिंतीपासून सुरुवात केली. बोल्ट गाडले, काँक्रीट झालं आणि तपासायला गेले तर शेवटचे बोल्ट समोरासमोर येईनात. अठ्ठावीस मिलिमीटरचा फरक. म्हणजे तीस मीटरला सात. छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्या तिरप्या बसणार. ठेकेदाराने काम थांबवलं आणि साहेबांच्या टेबलावर येऊन ओरडला.

एका गटाने कार्ड लावलं होतं, जावयाने लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला साहेब स्वतः आवारात आले, अंगात कोट, डोळ्यांत झोप. जावयाला समोर उभं केलं. ओळंब्याने त्याची चार नंबरची टेप ताणली, पाच किलोचा ताण दिला आणि भिंग साहेबांच्या हातात दिलं.

"सात," साहेब वाचून म्हणाले. "कार्डावर सात लिहिलंय. तू ते लावलं का नाहीस?"

"कार्ड चुकीचं आहे, साहेब. टेप बरोबर आहे. खांब चुकीचा आहे."

"काय?"

"लग्नाच्या आधी त्याला ट्रक लागला होता. काकांनी दुपारी पुन्हा फुली मारली. मी काटा धरला होता. काका, सांगा ना."

"दोन वर्षं तोंड का शिवलं होतंस?"

"कोणाला सांगणार होतो, साहेब? मी माझ्या कामापुरतं बरोबर मोजत होतो."

साहेब वळले. "ओळंबा, खांबाला कधी धक्का लागला होता?"

आवारात अजून अंधुक होतं. ओळंब्याला विचार करायला फार वेळ लागला नाही. हो म्हटलं की दोन वर्षं रद्द प्रमाणपत्रावर काम केल्याचा गुन्हा, आणि नोकरी गेली. आणि का म्हणून जावी? ट्रक लागला होता हे खरं, पण फुली बरोबर होती. त्याची फुली होती. मग ट्रक लागला काय आणि न लागला काय, असं त्याने स्वतःला समजावलं.

"नाही, साहेब," तो म्हणाला.

इथेच थांबला असता तरी पुरलं असतं. पण जावई त्याच्याकडे बघत होता आणि ती नजर त्याला सहन झाली नाही.

"याला आकड्यांची शिस्तच नाही, साहेब. मी लग्नाच्या आधीपासून बघतोय. पोरीकडे बघून गप्प बसलो."

जावई एवढंच म्हणाला, "काका." मग टेप गुंडाळायला खाली वाकला. नीट गुंडाळली, पीळ न पडू देता.

"ठेव ती खाली," ओळंबा म्हणाला. "आता तुझं काम नाही ते." तुम्ही म्हणायचं तो विसरला होता. की विसरला नव्हता.

जावयाची रांग फोडली. वीस पाये, हाताने, छिन्नी-हातोडीने, सोळा दिवस. बरोबर होती ती रांग फोडली आणि चुकलेल्या रांगेशी जुळवून नवी केली. दर दोन खांबांत दीड मिलिमीटरसुद्धा फरक नव्हता, तो बोल्टांच्या लांबट भोकांत मुरून गेला. शेड उभी राहिली, आजही उभी आहे. जावयाला काढलं. शिवाय त्याच्या नावाचं पत्र शहरातल्या बाकी मोजणी कचेऱ्यांना गेलं : मोजणीच्या कामास अयोग्य. त्या पत्रासोबत जोडलेल्या तपासणी अहवालावर ओळंब्याची सही होती. चार नंबरची टेप मात्र त्याला कापता आली नाही. पुरावा म्हणून ती फाइलसोबत बांधून ठेवायची होती. त्याने तिच्यावर 'बाद' अशी चिठ्ठी लावून वरच्या फळीवर टाकली.

मुलगी एकदाच आली. उभ्यानेच बोलली.

"बाबा, ट्रक लागला होता का?"

"फुली बरोबर आहे."

"मी फुलीचं नाही विचारलं."

"तुझ्या नवऱ्याने कार्ड लावलं नाही. सगळ्यांनी लावलं, यानेच नाही. शहाणा."

"ट्रक लागला होता का?"

"चहा घेणार आहेस की जाणार आहेस?"

ती गेली. नंतर आली नाही.

जावयाला मोजणीचं काम कुठेच मिळालं नाही. तो शहराबाहेर खडी फोडण्याच्या यंत्रावर लागला. दुसऱ्या वर्षी पट्ट्यात हात गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. ओळंब्याला ते भांडारात कुणीतरी सांगितलं. तो तेव्हा टेप पुसत होता. पुसून झाली, मग बसला.

आठ वर्षं गेली. टेपांचे आणखी दोन लॉट आले, तेही सातने आखूड. "पूर्वीचा माल आता मिळत नाही," ओळंबा म्हणायचा आणि कार्डं लिहायचा.

मग साहेबांनी इलेक्ट्रॉनिक दुर्बीण घ्यायचं ठरवलं, टोटल स्टेशन. स्टँडवर बसवायचं, समोर काचेचा प्रिझम ठेवायचा, बटण दाबलं की अंतर पडद्यावर. दोन कंपन्यांना बोलावणं गेलं. कुठलं घ्यायचं ते ओळंब्याने खांबावर तपासून सांगायचं. निवृत्तीला चार महिने उरले होते. शेवटचं मोठं काम म्हणून तो दाढी करून आला.

पहिल्या कंपनीचा माणूस, टाय लावलेला मशीनवाला, यंत्र पहिल्या खांबावर ठेवून उभा राहिला. प्रिझम दुसऱ्यावर. बटण दाबलं. तीस मीटर सात मिलिमीटर.

"तुमचंही आखूड," ओळंबा म्हणाला. त्याला बरंच वाटलं.

"काका, यंत्र आखूड कसं असेल?"

"प्रिझमचा आकडा नीट घातलायस का? प्रत्येक प्रिझमचा वेगळा असतो. तीस मिलिमीटरचा घोळ होतो त्यात."

मशीनवाल्याला घाम फुटला. म्हाताऱ्याला हे माहीत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने आकडा तपासला, प्रिझम बदलला, यंत्र उचलून पुन्हा मांडलं. सात. ओळंब्याने वहीत नापास लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी कंपनी. बटण दाबलं, सात. पुन्हा दाबलं, सहा. पुन्हा, सात.

पहिला मशीनवाला मुद्दाम बघायला थांबला होता. तो मोठ्याने हसला. "काका, आम्ही दोघे एकमेकांच्या लग्नालाही जात नाही. सातावर आमचं एकमत कसं झालं सांगा? आता तुमच्या खांबालाच विचारा."

सगळे हसले. ओळंबा हसला नाही. त्याला एकदम सहा टेपा आठवल्या. आणि दुकानदाराचा आवाज : सहाच्या सहा?

दुसऱ्या दिवशी तो साडेतीनलाच उठला. मूळ टेपचा डबा उघडला, ग्रीस पुसलं, एकट्याने टेप ताणली. हवा वीस अंश, दुरुस्ती काहीच नाही. भिंग लावलं. सात. चाप सोडून पुन्हा लावला. सात. तिसऱ्यांदा. सात. मग भांडारात जाऊन दहा वर्षांपूर्वीची वही काढली. त्याचंच अक्षर होतं. तापमान तीस. दुरुस्ती, अधिक साडेतीन. त्याने भिंग पुसलं आणि त्या अधिकच्या चिन्हावर धरलं. चिन्ह मोठं झालं, बदललं नाही. टेकवलेलं भिंग उचलायला त्याला बराच वेळ लागला, आणि त्या दिवशी एकही टेप वेळेवर बाहेर गेली नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लावलं.

"किती जणांना माहीत आहे?"

"मला. आता तुम्हाला."

"आणि तुझ्या जावयाला."

"त्याला आधीपासूनच होतं, साहेब."

"दहा वर्षांचे नकाशे बाहेर गेलेत, ओळंबा. माझ्या सहीने. एकाने उकरलं तर शंभर उकरतील. यंत्र घेऊ, पहिलं घेऊ, आणि खांब पाडून टाक. यंत्र आल्यावर खांब लागतोय कुणाला?"

"चौकशीच्या फाइलवर एक ओळ लिहा, साहेब. जावयाचं मोजमाप बरोबर होतं म्हणून."

"लिहितो की." साहेबांनी खरंच पेन उघडलं. "पण त्याच्या खाली हेही लिहावं लागेल की मी विचारल्यावर तू खोटं बोललास. मग तुझ्या पेन्शनचा कागद पुढे जाणार नाही, तो माझ्याच टेबलावरून जातो. सांग. लिहू?"

खिडकीबाहेर आवारात दोन्ही खांब दिसत होते. ओळंबा त्यांच्याकडे बघत उभा राहिला. चौतीस वर्षं. भाड्याची खोली. गुडघे गेलेले.

"लिहू का, ओळंबा?"

"नको," तो म्हणाला.

साहेबांनी पेन बंद केलं. आवाज करत बंद केलं.

खांब त्याने स्वतः पाडला. काम चांगलं केलेलं होतं, म्हणून पडायला वेळ लागला. आठ किलोचा घण, तीन तास, मधे दोनदा बसला. मदतीला कुणी आलं नाही. येत होतं एकजण, पण त्यानेच हात केला, नको म्हणून. प्लेट निघाली ती त्याने भंगारात टाकली.

खांब गेल्यावर त्याला भांडारात काही काम उरलं नाही. शेवटचे चार महिने साहेबांनी त्याला नव्या यंत्राबरोबर पाठवलं. सहा किलोचा स्टँड एका खांद्यावर, आठ किलोची पेटी दुसऱ्या हातात. एकोणिसाव्या वर्षी जे करायचा तेच. मोजणीदार पुढे आणि हा मागे. "ओळंबा, सरळ धर," मोजणीदार म्हणायचा. तो सरळच धरायचा.

शेवटच्या महिन्यात भांडार रिकामं करताना वरच्या फळीवरची चार नंबरची टेप हातात आली. चिठ्ठी पिवळी पडली होती. त्याने ती टेप पिशवीत घातली. आयुष्यात कचेरीची वस्तू त्याने घरी नेली ती एवढीच.

निवृत्त झाल्यावर चौथ्या दिवशी तो टेप घेऊन प्रयोगशाळेला गेला. दीड दिवसाचा प्रवास, उभ्याने. खिडकीतल्या बाईने शुल्क सांगितलं आणि टेपकडे बघितलं.

"एवढ्या पैशांत अशा पंधरा नव्या येतील, काका. कशाला तपासताय?"

"हीच तपासायची आहे."

"कुठल्या कामासाठी? फॉर्मवर लिहावं लागतं."

त्याने बराच वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं : घरगुती.

बाई हसू दाबत म्हणाली, "बरं."

तीन आठवड्यांनी कागद मिळाला. वीस अंशांवर, पाच किलोच्या ताणाखाली, तीस मीटरला चूक शून्य पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर. एवढी चांगली टेप त्याने अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती.

मुलीचं घर टायरच्या दुकानावर एका खोलीत होतं. तिने दार उघडलं. ये म्हणाली नाही, बाजूला झाली. जावई कामावरून नुकताच आला होता. भुवयांत, कानांत खडीची पांढरी धूळ. त्याने खुर्ची पुढे केली.

"बसा, बाबा."

ओळंबा बसला नाही. कागद आणि टेप पुढे केली. जावयाने कागद उरलेल्या बोटांत धरला. अंगठा आणि करंगळीकडची दोन. त्याने सगळं वाचलं, वरपासून खालपर्यंत, जसा मोजणीदार वाचतो.

"वीस अंश. पाच किलो. बरोबर."

"तुमची टेप बरोबर होती, जावईबापू."

"माझी नव्हती. कचेरीची होती." त्याने कागद उलटा करून मागे काही आहे का ते पाहिलं. "साहेबांना दाखवलात?"

"नाही."

"फाइलला लावला?"

ओळंब्याने हातातली टेप खुर्चीवर ठेवली.

"मग मला का दाखवताय? मला माहीतच होतं. मी काटा धरला होता." तो हसला. टोचून नाही, खरंच हसला, आणि ते जास्त लागलं. "टेपला तरी परत कामावर घेतील का?"

मुलगी स्टोव्हपाशी पाठ करून उभी होती. ती वळली.

"बाबा, ट्रक लागला होता का?"

आठ वर्षांनी तोच प्रश्न, त्याच आवाजात.

"लागला होता."

"एवढंच विचारलं होतं मी," ती म्हणाली. तिने जावयाच्या हातातून कागद घेतला, त्याच्या जुन्या घड्यांवर नीट दुमडला आणि बापाच्या शर्टाच्या खिशात घातला. टेपही पिशवीत परत घातली. मग दार उघडून धरलं.

तो जिना उतरला. खाली टायरवाल्याने विचारलं, "काका, कोणाकडे आला होतात?" त्याने फक्त वर बोट दाखवलं.

त्या कागदाला त्याचा शेवटचा पगार लागला होता, अख्खा. सव्वीस दिवस पावणेपाचला उठून, चौदा किलोचं ओझं दुसऱ्याच्या मागे वाहून मिळवलेला. कागदावर टेपचा क्रमांक होता, तापमान होतं, ताण होता, सही होती, शिक्का होता. जावयाचं नाव कुठेच नव्हतं. प्रयोगशाळा माणसं तपासत नाही.